पदर घेणारे मामा

मामांना मिशी होती, हे आधीच सांगून टाकते. चांगली जाड, टोकाला वर वळलेली, रोज सकाळी तेल लावून बसवलेली मिशी. आणि दिवसभर त्या मिशीवरून बायकांच्या साड्यांचे पदर जायचे.

महाद्वार रोडच्या आमच्या दुकानात मामा साड्यांच्या गादीवर आणि मी समोर ब्लाउजपीसच्या काउंटरला, अशी आमची कितीतरी वर्षं गेली. ते कुणाचे मामा होते कुणास ठाऊक, मालकांपासून चहावाल्यापर्यंत सगळे त्यांना मामाच म्हणायचे. दुकानात बाकीचेही गडी होते. साडीची घडी मोडून गादीवर पसरायची, काठ दाखवायचा, की झालं त्यांचं. मामा पसरायचेच नाहीत. ते उभे राहायचे, घडी झटकायचे, पटापट चार निऱ्या घालून पॅंटच्या पट्ट्यात खोचायचे, पदर खांद्यावर टाकायचे आणि आरशाकडे वळायचे. गिऱ्हाइकाकडे नाही हां, आरशाकडे. आधी आपण कसे दिसतो ते बघून घ्यायचे. पसंत पडलं की मग मान तिरकी करून विचारायचे, "कसं वाटतंय, आक्का?"

खांद्यावर पदर टाकून सगळेच साडीवाले दाखवतात, त्यात काही नवल नाही. मामा त्यात रमायचे, हे नवल. सासूबाई सुनेला घेऊन आल्या की मामांचा पदर डोक्यावर आणि नजर खाली. कॉलेजची पोरगी आली की पदर मोकळा आणि एक हात कमरेवर. बँकेतल्या बाई आल्या की पदराच्या बारीक चुण्या चिमटीत धरलेल्या, आणि चेहरा असा की जेवणाची सुट्टी संपल्यावर या. मी समोरून बघत असायची आणि मला हसू आवरायचं नाही. मामा हसायचे नाहीत. काम चालू असताना हसताना मी त्यांना कधी बघितलं नाही.

डबा खाऊन झाला की ते मानेला पावडर लावायचे. मी विचारायची, "मामा, कुणाचं लगीन हाय आज?" तर म्हणायचे, "घामाजलेल्या मानेवर रेशीम मरतंय. तुला ब्लाउजपीसवालीला काय कळणार." आमचं खातं म्हणजे त्यांच्या लेखी साडीची उष्टीखरकटी काढणारं. मीही मग ऐकून घ्यायची नाही. म्हणायची, "माझ्या ब्लाउजपीसाशिवाय तुमची साडी नेसून रस्त्यावर जाऊन दाखवा." त्यावर दोन दिवस अबोला, आणि तिसऱ्या दिवशी तेच आपल्या डब्यातला खर्डा पुढे करायचे.

एकदा शाहूवाडीकडचं जोडपं आलं होतं. बाईला एक अंजिरी साडी फार आवडली. मामांनी ती अशी काही नेसून दाखवली की शेजारच्या गादीवरची गिऱ्हाइकंही वळून बघायला लागली. नवरा मात्र मान हलवेना. शेवटी बायकोला म्हणाला, "ही नको. ही नेसलीस की मला सारखं हेच दिसाय लागतील." बाई हसून हसून गादीवर आडवी व्हायची बाकी राहिली. मामांनी शांतपणे पदर उतरवला, घडी घातली आणि दुसरी काढली. संध्याकाळी मात्र मला विचारत होते, "मी एवढा वाईट दिसत हुतो व्हय?" मी म्हटलं, "वाईट न्हाई मामा, चांगलं दिसत हुतासा. तीच अडचण झाली." हे त्यांना मनापासून पटलं.

त्यांना एका गोष्टीचा फार राग. डोंगराएवढ्या साड्या बघायच्या आणि उठताना म्हणायचं, "जरा एक राउंड मारून येतो." असं गिऱ्हाईक गेलं की मामा एकेक घडी घालता घालता दाराकडे बघत राहायचे. "येत्यात," म्हणायचे. कोण येतंय कशाला.

असा हा माणूस एक दिवस पदर घ्यायचा थांबला. त्याचं झालं असं.

मामांना एकच मुलगी. हातकणंगल्याला शाळेत शिकवायची, रोज जाऊन येऊन. तिला कोडोलीचं स्थळ आलं. शेती, दुधाचा धंदा, मुलगा शिकलेला, मुलीला पसंत, मुलाला पसंत. सुपारी फोडायची तेवढी बाकी. चहाच्या कार्यक्रमात होणारे व्याही मिशीला पीळ देत म्हणाले, "आमचं घराणं तालमीतलं. गडी कसा गड्यावानी दिसाय पायजे. मागल्या म्हैन्यात गावातच साडी घ्याय गेलतो, तर तिथला गडी नवरीवानी पदर घिऊन हुबा. मी तर तोंडच फिरवलं बघा." सगळी पुरुषमंडळी हसली. आणि हसता हसताच त्यांनी मामांना विचारलं, "तुमी काय बघता दुकानात, पावणं?"

मामा म्हणाले, "खरेदी. माल पारखतो मी."

दुसऱ्या दिवशी त्यांनीच मला हे सगळं सांगितलं. आवाज खाली, मान खाली. "कोडोलीत जावयाला कोणतर चिडवणार, 'तुझा सासरा पदर घेतोय' म्हणून. ते ऐकून तो घरात कुणावर राग काढणार? माझ्या पोरीवर. माझ्या एका पदरापायी तिचं लगीन मोडलं, न्हाईतर झाल्यावर तिला जन्मभर बोलणं खायला लागलं, तर मी काय करू?" मी म्हटलं, "मामा, आज ना उद्या कळंलच की." तर म्हणाले, "लगीन होऊ दे. मग कळू दे." मलाही दटावलं, "तू तोंड उघडायचं न्हाईस."

त्या दिवसापासून मामा साडी हातभर लांब धरून दाखवायला लागले. कुणाची तरी ओली चादर वाळत घालावी तशी. जुन्या गिऱ्हाइकांना समजेना. एक आज्जी तर सरळ म्हणाल्या, "मामा, बरं न्हाई काय? मग सुट्टी घ्यायची की. असं अर्ध्या मनानं दाखवू नका." मामांनी खांदा दुखतोय म्हणून सांगितलं. आरशाकडे तर ते बघायचेच नाहीत. मला एरवी त्यांच्या नखऱ्यांचा वैताग यायचा, पण खरं सांगते, ते महिने मला दुकानात करमलं नाही.

आमचे धाकटे मालक बंगळुरूला फॅशनचं शिकून आलेले. त्याच सुमारास त्यांनी दोस्तांबरोबर एक शो घातला होता. साधा नाही, इमर्सिव्ह. मामांना ते समजावून सांगत होते, "यात स्टेज नसतं मामा. खुर्च्या नसतात. कपडे, मेकअप, नाटक सगळं तुमच्या चारी बाजूंनी चालू. प्रेक्षक त्यात बुडून जातो."

"कुठं, रंकाळ्याच्या पाण्यात?" मामा म्हणाले.

पण पास मात्र त्यांनी घेतले. होणाऱ्या व्याह्यांना एवढ्या मोठ्या कार्यक्रमाला न्यायचं, मालक स्वतः दाराशी उभे राहून या म्हणणार, खरेदी विभागाच्या मोठ्या माणसाला शोभेल असंच ते होतं. मामींचा गुडघा धरलेला होता, म्हणून विहीणबाईंना सोबत म्हणून मला न्यायचं ठरलं. मुलगीही होती. जाताना मामांनी कोट घातला होता. त्या उकाड्यात.

शो शाहूपुरीतल्या एका बंद पडलेल्या गुळाच्या गोदामात. गूळ जाऊन किती काळ लोटला असेल, पण भिंतींना वास तसाच. दारात मोबाईल बंद करायला लावले आणि प्रत्येकाच्या हाताला लाल दोरा बांधला. एक मुलगी समई घेऊन पुढे झाली आणि म्हणाली, "आत कुठंही फिरा. जिथं रिकामी जागा दिसेल तिथं बसा. बसलात की तुम्हीसुद्धा या गोष्टीतले."

विहीणबाई माझ्या कानात म्हणाल्या, "म्हंजे काय करायचं?"

मी म्हटलं, "कुठं बसायचं न्हाई, एवढंच."

पहिल्या खोलीत नुसते आरसे आणि दिवे. नटूनथटून बसलेल्या बायका, त्यांना रंगवणाऱ्या मुली, केसात गजरे माळणं चाललेलं, कुठूनतरी सनईचे सूर. व्याही दमले होते, दिसली रिकामी खुर्ची तसे बसले. झालं. एक मुलगी ब्रश घेऊन आली आणि त्यांच्या गालाला पावडर लावायला लागली. ते "ए बाई, ए बाई" करतायत तोवर तिने त्यांच्या मिशीवर छोटी कंगवी फिरवून टोकांना चमकी लावली. उठले तेव्हा दिव्याखाली मिशी अशी लुकलुकत होती की त्यांची होणारी सून, मामांची मुलगी, पदर तोंडाला लावून मागं सरकली. मामा एरवी अशा खोलीत गेले असते तर बाहेर काढायला माणसं लागली असती. त्या दिवशी हात पाठीमागे बांधून उभे होते, जणू पावडरींचा माल पास करायला आलेत.

दुसऱ्या खोलीत हातमाग मांडले होते आणि त्यांच्यामधून साड्या नेसलेल्या मॉडेल मुली सावकाश चालत होत्या, अगदी आपल्याला घासून. विहीणबाईंनी एकीला विचारलं, "कुठल्या गं तुमी?" ती बोलेना. त्यांनी बोलायचं नसतं. "जेवला का?" तरी बोलेना. "लई शिष्ट हाय," विहीणबाईंनी निकाल दिला. गुळाच्या वासाला लागलेल्या मुंग्या खाली फिरत होत्या, त्यामुळे मधेच एखादी मॉडेल पाय झटकायची. लोकांना वाटायचं नाचातलंच आहे, टाळ्या वाजवायचे.

मग तिसरी खोली आली.

खोलीत साडीचं दुकान उभं केलं होतं. पांढरी गादी, मागं घड्यांची कपाटं, बाजूला मोठा आरसा. आणि गादीवर, मिशी लावलेला, मानेला पावडर फासलेला एक तरुण नट. मला तो कुठंतरी बघितल्यासारखा वाटला, आणि मग लख्ख आठवलं. हाच पोरगा कितीतरी दिवस माझ्या काउंटरला येऊन ब्लाउजपीस चाळत उभा राहायचा, घेत काहीच नव्हता. त्याची नजर गादीकडे असायची.

त्याने घडी झटकली, निऱ्या पट्ट्यात खोचल्या, पदर घेतला, आरशाकडे वळला. मग मुरका मारला, पापण्या फडफडवल्या आणि लाडात म्हणाला, "कसं वाटतंय, आक्का?"

खोली हसून फुटली. हुबेहूब मामा, फक्त प्रत्येक गोष्ट चौपट. व्याही तर पोट धरून हसत होते. मामांच्या खांद्यावर थाप मारून म्हणाले, "हाच, हाच नमुना! कसला बायकी गडी हाय बघा, पावणं. तुमच्या दुकानात असलं कोण ठेवलं न्हाईसा न्हवं?"

मी मामांच्या मुलीकडे बघितलं. तिचं तोंड उतरलं होतं, ती बापाच्या कोटाची बाही धरून उभी होती. मला वाटलं, आता मामा एकतर निघून जाणार, नाहीतर त्या पोराची मिशी उपटणार. दोन्हीत सगळं उघड्यावर येणार.

गादीसमोर प्रेक्षकांसाठी तक्के ठेवले होते. मामा गेले आणि मांडी घालून गिऱ्हाइकाच्या जागेवर बसले. आयुष्यात पहिल्यांदा.

"दावा," म्हणाले.

नट खूश झाला. त्याने आणखी लाडेलाडे एक हिरवी दाखवली. मामांनी पदर बोटांत घेतला, चुरगाळला, वास घेतला. "ह्यात दुसरा रंग?" त्याने निळी काढली. "हाच, खरं जरा डार्क." त्याने गडद निळी काढली. "एवढा डार्क न्हवं. मधला." लोक हसले. मामांनी विचारलं, "धुतल्यावर जाणार न्हाई न्हवं? काठ मोठा न्हाई व्हय? काठ बारीक असता तर घेतली असती. जरा भाईर उजेडात नेऊन बघू या काय?" मग म्हणाले, "माझ्या मोठ्या जाऊबाईंनी घेतल्या तशी हाय काय? कुठल्या दुकानातनं घेतली म्हाईत न्हाई. रंगबी म्हाईत न्हाई. चांगली हाय खरं." आणि मग, "चहा सांगितलासा न्हवं? बिनसाखरेचा."

वर्षानुवर्षांची सगळी गिऱ्हाइकं त्यांच्या अंगात आली होती. गादीवर साड्यांचा ढीग झाला. मामांनी मागच्या कपाटात अगदी वरच्या फळीकडे बोट केलं. "ती काढा." नटाने वर बघितलं. त्या घड्या पुठ्ठ्याच्या होत्या. "ती... ती विकली गेली," तो म्हणाला. "मग तिच्या खालची." "तीपण." "मग दुकान कशाला उघडलंय?" मामा म्हणाले, आणि आता लोक नटाला हसायला लागले. घामाने त्याची मिशी एका बाजूने सुटली. व्याह्यांना एवढी मजा आली की तेही मामांशेजारी जाऊन बसले आणि तेही सुरू झाले, "मऊ दावा की जरा, लई कडक हाय ही."

तेवढ्यात विहीणबाई पुढे आल्या. त्यांनीही एक तक्का ओढला, बसल्या, आणि मामांना म्हणाल्या, "पावणं, त्या पोराला आता सोडा. तुमीच दावा की."

मामांनी हातातला पदर सोडला. "मी? मी खरेदी बघतो, वैनी."

"माझ्या बस्त्याला काय बघत हुतासा मग?"

लग्नाचे कपडे घ्यायला सगळं घर दुकानात जातं, तो बस्ता. आमच्या पंचक्रोशीत निम्म्या घरांचा बस्ता आमच्याच दुकानात बांधलेला, हे मामा कसे विसरले देव जाणे. विहीणबाई एका दमात बोलत होत्या. "चहाच्या दिवशीच वळखलं मी. मिशी तीच हाय. तुमी खरेदी बघतो म्हटलासा, मी म्हटलं बढती झाली असंल. माझा शालू घेतला तवा माझ्या अंगावर कुणी टाकलाच न्हाई. मी कोपऱ्यात, थोरली माणसं फुडं. शालू तुमच्या अंगावर. सगळी तुमच्याकडं बघत हुती. मीबी. लग्नादिवशी नेसून आरशात बघितलं, तर तुमच्याएवढी कुठं शोभत हुते मी."

खोलीत आता कुणी हसत नव्हतं. नटसुद्धा पदर खांद्यावर तसाच ठेवून ऐकत होता.

"आणि तुमी," त्या नवऱ्याकडे वळल्या. "कोण बोलला हुता त्या दिवशी, 'ह्योच शालू, लई झ्याक दिसतोय'? नवरीकडं बघून बोलला न्हवतासा. ह्यांच्याकडं बघून बोलला हुतासा."

चमकी लावलेली मिशी हळूहळू खाली गेली. व्याही गादीकडे बघत बसले, मग मामांकडे, मग पुन्हा गादीकडे. शेवटी म्हणाले, "बरा दिसत हुता खरं." मोठ्या आवाजाच्या माणसाच्या मानाने फारच हळू.

मामा उठले. नट पुढे आला, त्याला आता कळलं होतं समोर कोण आहे. हात जोडून म्हणाला, "मामा, काय चुकलं काय?" मामांनी त्याला खालून वर न्याहाळलं. "समदं बरोबर केलास," म्हणाले. "मिशी तेवढी बारीक लावलायस." आणि दाराकडे निघताना, सवय की काय कोण जाणे, त्यांच्या तोंडातून गेलं, "जरा एक राउंड मारून येतो."

तुम्हाला वाटेल की दुसऱ्या दिवशी मामा परत पदर घ्यायला लागले. नाही. लाजले होते म्हणा, भ्यायले होते म्हणा. बायकोने चारचौघांत बोललेलं व्याह्यांना किती झोंबलंय ते त्यांना ठाऊक नव्हतं. कोडोलीहून आठवडाभर काही निरोप नाही. मामा दुकानाचा फोन वाजला की माझ्याकडे बघायचे. मलाही धसका बसला होता. मुलगी मात्र धीराची. बापाला म्हणाली, "मोडलं तर मोडू दे. माझ्या पप्पांना बघून ज्यांना लाज वाटती, तिथं मला जायचंच न्हाई." हे मामांनी मला त्या दिवशी तीनदा सांगितलं.

आणि मग एका सकाळी जीपभर माणसं दुकानासमोर उतरली. पुढे व्याही, मागे विहीणबाई, नवरदेव, आत्या, चुलत्या. बस्ता बांधायला. सुपारी वगैरे नंतर बघू, आधी बस्ता, असं विहीणबाईंनी दारातूनच जाहीर केलं.

मामा मुलीचे वडील, म्हणजे त्या दिवशी मानाचे. त्यांना तक्क्याला बसवलं, चहा दिला. शालू दाखवायला दुसरा गडी उभा राहिला. त्याने लाल काढला, डाळिंबी काढला, हातावर पसरून धरला. कोडोलीची माणसं माना हलवत होती पण पसंत काही पडेना. मामा कप हातात धरून अस्वस्थ, तक्क्यावर सारखे सरकतायत.

व्याही खाकरले. "पावणं, असं लांबनं काय कळंना. तुमी घिऊन दावा."

सगळं घराणं बघत होतं. मामांनी कप खाली ठेवला, कोट काढून माझ्याकडे दिला आणि गादीवर चढले. डाळिंबी शालू घेतला, निऱ्या खोचल्या, पदर डोक्यावरून घेतला. कुणीही हसलं नाही. मामा आरशाकडे वळले, पण या खेपेला स्वतःकडे बघत नव्हते. आरशात त्यांच्या मागे त्यांची मुलगी उभी होती, तिच्याकडे बघत होते.

"ह्योच," व्याही म्हणाले. "बांधा."

मुलगी पुढे झाली. "पप्पा, द्या आता. माझ्या अंगावर बघू दे."

मामांनी पदर दोन्ही हातांनी घट्ट धरला होता. मी त्यांना एवढी वर्षं बघत आले, नेसलेली साडी उतरवायला त्यांना कधी वेळ लागला नव्हता.

"थांब की गं जरा," ते म्हणाले.